न्हाऊ घातलेलं कोकरू

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, मेंढ्यांचं वेड होतं. रेल्वेतली नोकरी सांभाळून शहराच्या कडेला, तारनाक्याच्या पुढे, घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गावाकडून आणलेल्या चार काळ्या दख्खनी मेंढ्या आणि एक एडका, म्हणजे नर, पाळला होता. आईला हा कारभार पसंत नव्हता, पण तिला विचारतो कोण?

तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता. कोठीच्या दुकानांत फुलाफुलांची मऊ ब्लँकेटं ढिगाने आली आणि घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नाही. लोकर कुणालाच नको झाली, तसं आसपासच्या सगळ्यांनी काळ्या मेंढ्या विकून लाल, बिनलोकरीच्या, मटणाला भारी अशा मेंढ्या आणल्या. शेजारचा मेंढपाळ दादांना म्हणायचा, "काले में क्या है साब, लाल रखो." दादा म्हणायचे, "नक्को." हट्टाला औषध नसतं.

त्यातच आमचा एडका फंक्शन हॉलच्या मागे टाकलेला बिर्याणीचा भात खाऊन पोट फुगून मेला. दादांनी पार गावापर्यंत चौकशी केली, पण अस्सल काळा नर कुठे मिळेना. त्याच्यापासून तीन मेंढ्यांना माद्याच झाल्या होत्या. एक अजून गाभण होती. तिला नर झाला तर वंश पुढे चालणार, नाहीतर संपलाच. आम्हा दोघी मुलींच्या पाठीवर ज्या माणसाने मुलासाठी कधी नवस केला नाही, तो आता मेंढीला नर व्हावा म्हणून रोज देवापुढे उभा राहू लागला. आम्ही हसायचो.

ती व्यायली भर दुपारी, दादा कामावर असताना. मी कॉलेजातून आले तर आई अंगणात पाटावर बसलेली आणि तिच्या लांब केलेल्या पायांवर कोकरू. नात्यातलं कुठलंही बाळ माझ्या आईनेच न्हाऊ घालायचं असं आमच्याकडे ठरूनच गेलं होतं. तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. थंडीचे दिवस, कोकरू ओलं, चिकट, थरथरणारं. तिला राहवलं नाही. कोमट पाणी झालं, डाळीचं पीठ लावून झालं, वर ओव्याची धुरीसुद्धा. "काळा कृष्ण आलाय बघ गं," ती म्हणाली. नर होता.

मेंढीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, पाय आपटला आणि ढुशी देऊन त्याला पाडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. मेंढी पिल्लाला वासाने ओळखते, आणि तो वास पिठाबरोबर मोरीत वाहून गेला होता. दादा आल्यावर मेंढीने चाटावं म्हणून त्यांनी कोकराला मीठ चोळलं, मेंढीला बांधून त्याला चीक पाजला. तिने मान फिरवली ती फिरवलीच.

आईने त्याला बाटलीवर वाढवलं. जीव लावून वाढवलं. ते तिच्या पदराला धरून घरभर हिंडायचं, तिच्याच पायाशी झोपायचं. पाहता पाहता दाट लोकर आली, शिंगं वळली. दादा पुन्हा हसायला लागले. मला वाटलं, संकट टळलं.

पण मेंढ्या माजावर आल्या तरी तो त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. माणसांत वाढलेल्याला त्या आपल्या वाटतच नव्हत्या. दादांनी त्याला मेंढ्यांबरोबर कोंडलं आणि आईला अंगणात यायची बंदी केली. तो ओरडत राहिला, चाऱ्याला तोंड लावेना. आई आत कानांत बोटं घालून बसायची. शेवटी दादांनी शेजारचा लाल नर आणला.

पहिलं लाल कोकरू झालं त्या दिवशी जेवताना दादा म्हणाले, "ते काळं जन्मलं त्याच दिवशी मेलं असतं तर बरं झालं असतं. निदान आस तरी लागली नसती." आई वाढत होती, ती वाढतच राहिली. मी मात्र पानावरून उठले. तो राग अजून गेलेला नाही. मेंढ्या त्यांच्या, हट्ट त्यांचा, आणि अपराध तेवढा आईचा.

पुढे माझं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. दवाखान्यातून घरी आल्यावर पाणी तापलं, तेलाची वाटी आली, पाट मांडला. आई जागची हलेना. "बाई लाव," म्हणाली, "कोठीकडे मिळतात चांगल्या."

"आई, तुझ्याशिवाय कोण घालणार?" मी चिडून बाळ तिच्याकडे दिलं. तिने घेतलं, क्षणभर पाहिलं आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"आधी तू त्याला नीट हुंगून घे," ती म्हणाली.

मला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा पाहिला. मी बाळाच्या मानेत नाक खुपसून मोठा श्वास घेतला. "घेतलं," म्हटलं. "पुन्हा घे," ती म्हणाली, आणि मी कितीही वेळा हुंगलं तरी ती पाटावर येऊन बसली नाही.