पाहुण्यांसाठी सजवलेला रस्ता

वाघमारे मॅडम मीटिंगला उशिरा यायच्या, आणि उशिराचं कारण इतिवृत्तात लिहायला लावायच्या. "लिव्ह. अधीक्षक अभियंता उशिरा आल्या. कारण, ऑफिससमोरचा रस्ता ओलांडता आला नाही." कारकून बिचारा साहेबांच्या तोंडाकडे बघायचा. साहेब म्हणजे आमचे मुख्य अभियंता, गोदावरीकाठचे तेलुगू गृहस्थ, स्वभावानं शांत. ते म्हणायचे, "मॅडम, ऑफिस की गाड़ी है ना? उसमें आओ." त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं. "गाड़ी में बैठे तो रस्ता नहीं दिखता साब, अगली गाड़ी दिखती."

हैदराबादच्या रस्ते-वाहतुकीचं काम बघणाऱ्या एका खात्यात मी त्यांच्या हाताखाली होतो. आमच्या दोघांच्या टेबलाचं काम एकच, बाहेरून पैसा मागायचा. उड्डाणपूल म्हटलं की शहराची तिजोरी आपोआप उघडते. पण त्या पुलाखालून चालणाऱ्या माणसाला फुटपाथ पाहिजे, सिग्नल पाहिजे, असं म्हटलं की सगळ्यांना एकदम काटकसर आठवते. मग आम्ही दिल्लीला लिहायचं, परदेशी संस्थांना लिहायचं, रस्ता-सुरक्षेसाठी अनुदान देणारा जगात जो कोण असेल त्याच्या दाराशी प्रस्ताव घेऊन उभं राहायचं. मला पहिल्या पहिल्यांदा लाज वाटे. मॅडम म्हणायच्या, "लाजायलास कशाला जाधव? आपल्या पोटासाठी मागायलोत का आपण? लोकांसाठी मागणाऱ्याचं तोंड मोठंच पाहिजे."

तोंड त्यांचं मोठं होतंच. तीन भाषांत होतं. वडील परभणीकडचे, रेल्वेत गँगमन. मॅडम वाढल्या इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये, त्यामुळे घरची मराठी, गल्लीतली दखनी उर्दू आणि शाळेतली तेलुगू एका दमात यायची. रिक्षावाल्याला "आगंडी, आगंडी!" म्हणून थांबवायचं, मग "मियाँ, आँखां हैं की बटन?" असं विचारायचं, आणि त्यानं काही उलट बोललं की शेवटचा आहेर मराठीत. "मुडद्या" हा शब्द त्या राखून ठेवत, पण वाया जाऊ देत नसत. हेच तोंड बुद्धपौर्णिमेला मात्र गोड. सकाळी वंदना आटोपून खिरीचा मोठा डबा घेऊन यायच्या आणि शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला स्वतः वाढायच्या. कुणी "शुगर है मॅडम" म्हणालं तर "आज के दिन नहीं रहती" म्हणून आणखी एक पळी.

त्यांचा जीव अडकला होता तो दिलसुखनगरच्या एका रस्त्यात. एका बाजूला कोचिंग क्लासच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला बसथांबा, मध्ये मेट्रोचे खांब आणि दोन्हीकडून अंगावर येणारी वाहनं. संध्याकाळी क्लास सुटले की हजारो पोरं तो रस्ता अक्षरशः देवाच्या भरवशावर ओलांडायची. अपघात व्हायचे, माणसं जायची. मॅडमचं म्हणणं साधं होतं. इथं पायी माणसांसाठी सिग्नल बसवा, मध्यभागी उभं राहायला उंच जागा करा, थांबा जरा पुढं सरकवा. खर्च उड्डाणपुलाच्या एका कठड्याएवढाही नव्हता, तरी मिळत नव्हता. आमचा प्रस्ताव गेला की परत येई. शेवटी एका परदेशी संस्थेनं कळवलं की आमची बाई येऊन जागा बघेल आणि मग ठरवू. यादीत आणखी दोन शहरं होती.

आता खरी गंमत. गंमत कसली, डोक्याला हात लावायची पाळी.

पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडं काय होतं, हे मी सांगायला नको. आमच्या खात्यात तर ते रक्तातच आहे. मोठं माणूस येणार, की आदल्या दिवशी झाडूवाले, चुना, कुंड्या. आणि या वेळी हे सगळं करायला लावलं ते साहेबांनी नाही, खुद्द वाघमारे मॅडमनी! त्यांचे वडील सांगायचे म्हणे, तपासणीची गाडी यायच्या आधी रुळाकडेच्या प्रत्येक दगडाला चुना लागला पाहिजे, नाही तर साहेब म्हणेल, हे लोक घाणेरडे. ते त्यांच्या मनात इतकं खोल बसलेलं, की बाई येणार हे कळताच मॅडम कंबर कसून उठल्या. झेब्रा पट्टे ताजे रंगवून घेतले. फळवाल्यांच्या गाड्यांना विनवण्या करून गल्लीत वळवलं. ट्रॅफिकच्या लोकांना सांगून दोन्ही बाजूंना शिपाई उभे केले. "आपली इज्जत हाय रे," मला म्हणाल्या. मीही मान डोलावली. मलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं, हीच तर कमाल.

सकाळी बाई आल्या. सोबत त्यांचे दिल्लीचे सल्लागार. उन्हं कोवळी, क्लास सुरू होऊन गेलेले, रस्ता लग्नाच्या मांडवासारखा सजलेला. शिपायानं शिट्टी वाजवली, गाड्या थांबल्या, आम्ही सगळे पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांवरून वरातीसारखे पलीकडे गेलो. सल्लागार म्हणाले, "यहाँ तो व्यवस्था अच्छी है." बाईंनीही मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाल्या की शहराचं कौतुक वाटतं, मात्र आमचा निधी जिथं जास्त निकड आहे तिथं जायला हवा. साहेब खूश. कौतुक झालं ना!

जेवणाला हॉटेलात जाताना मॅडम गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मान वळवून मागं पडलेले पांढरे पट्टे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाधव, माती खाल्ली रे मी."

"असं का म्हणता मॅडम?"

"डॉक्टर यायचाय म्हणून पोरगं न्हाऊ-माखू घालून, पावडर लावून बसवलं. आता डॉक्टर म्हणायलाय, पोरगं तर ठणठणीत हाय."

त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, संपलं आता. बाईंचं विमान रात्री होतं. फार तर आपण एक सविस्तर पत्र पाठवू, असं मी पुटपुटलो. मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बिर्याणी आली, ताटं भरली, आणि मॅडम उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या देखत बाईंना इंग्रजीत म्हणाल्या, "सकाळी तुम्ही जे पाहिलं ते आम्ही तुमच्यासाठी केलेलं होतं. ते मी करवून घेतलं. तो रस्ता तसा नाही. तुम्ही संध्याकाळी माझ्याबरोबर सिटी बसनं चला, मग काय ते ठरवा." साहेबांचा घास हातात राहिला. "मॅडम, आप बैठ जाओ," ते हळूच म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. अनुदान देणाऱ्याला आपणच सांगायचं की आम्ही तुम्हाला सजवलेला रस्ता दाखवला, म्हणजे प्रस्ताव तर बुडालाच, वर खात्याची अब्रूही गेली. मॅडम बसल्या नाहीत. बाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "किती वाजता?"

संध्याकाळी आम्ही कोटी भागातल्या थांब्यावरून बस पकडली. मॅडम, बाई, तोंड कडू केलेले सल्लागार आणि मी. दिलसुखनगरला उतरलो तेव्हा शिपाई आपापल्या घरी गेलेले, फळगाड्या जागेवर परतलेल्या, आणि ताजे पट्टे मोटारसायकलींच्या चाकांखाली दिसेनासे झालेले. क्लास नुकतेच सुटले होते. बाई कडेला उभ्या राहिल्या. एक पाऊल पुढं, दोन मागं. पुन्हा तेच. शेजारी बुरख्यातल्या एक प्रौढ बाई, हातात बेगम बाजारातून आणलेल्या मसाल्याची जड पिशवी. त्यांनी पाहुणीची ही कसरत बघितली आणि सरळ मनगट धरलं. "चलो अम्मा. बीच में रुकना नक्को, रुके तो गए."

आणि नेमक्या मध्येच अडकलो. एका अंगानं बस, दुसऱ्या अंगानं टँकर. हॉर्नच्या कल्लोळात मॅडमचा आवाज तेवढा ऐकू येत होता, "आगंडी! अरे रुको! थांब की मुडद्या!" पाहुण्या बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. खोटं कशाला बोलू, मीही मिटले होते.

पलीकडे पोचल्यावर बाई एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी मॅडमना हळुवारपणे विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी इथं गेलं का?"

हा प्रश्न मॅडमना सगळेच विचारत, आणि त्यांना त्याची भयंकर चीड होती. त्या दिवशी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. माझ्या घरचे सगळे सुखरूप आहेत. घरातलं कुणी मेल्यावरच रस्ता नीट करायचा असेल, तर प्रत्येक घरातलं एकेक मरायची वाट बघावी लागेल."

सल्लागारांनी मान खाली घातली. जाताना बाईंनी मॅडमचा हात बराच वेळ सोडला नाही.

अनुदान मिळालं. मॅडमना मात्र खात्यानं ते वागणं माफ केलं नाही. पावसाळ्याआधीच बदलीचा हुकूम आला, स्मशानं आणि कबरस्तानांच्या देखभालीच्या कामावर. मी संतापलो, अर्ज करू म्हणालो. त्या टेबलाचे खण रिकामे करत होत्या. "उगी रे. रस्त्यावर जे वाचत न्हाईत ते तिथंच येतात. अजून किती काम राहिलंय ते कळंल मला." तिथूनच त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर दुसरे आले, भले गृहस्थ, मीटिंगला वेळेवर येणारे.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. फुप्फुसांचा आजार होता. हे मी मराठीत लिहितोय ते माझ्या मुलीला वाचून दाखवावं लागेल, तिला बोलता येतं पण वाचता येत नाही. तरी मराठीतच लिहितोय, कारण मॅडम मला दुसऱ्या भाषेत आठवतच नाहीत.

जायच्या थोडे दिवस आधी मी त्यांना दिलसुखनगरला घेऊन गेलो होतो. सिग्नल सुरू झाला होता. उद्‌घाटनाला मोठमोठी माणसं येऊन गेली होती, मॅडमना बोलावणं नव्हतं. कोनशिलेवर नावांची रांग होती. मी म्हणालो, "मॅडम, तुमचं नाव कुठंच नाही हो." मला खरोखर वाईट वाटत होतं.

"बरं झालं. लोक वाचत उभे राहिले तर मागून कुणीतरी ठोकंल."

पायी माणसांचा हिरवा दिवा लागला. गर्दीबरोबर आम्हीही निघालो. चालताना त्यांना धाप लागत होती, पण तोंड चालूच. सून अंबाडीची भाजी तेलुगू लोकांसारखी करते, आंबट नुसती, दाण्याचं कूट म्हणून घालत नाही, सांगायला गेलं तर फुगून बसते, आता तू सांग जाधव, आंबट आंबट किती खायचं माणसानं, डाळ घालायला काय होतं तिला, मी मधल्या जागेवर थांबू या का म्हणून विचारलं तर हात झटकून पुन्हा कूट, पुन्हा सून. बोलता बोलता त्या चपलांच्या दुकानाच्या पायरीशी एकदम थांबल्या. मागं वळून बघितलं. बस उभी, रिक्षा उभ्या, पोरं निवांत चाललेली.

"जाधव," त्या म्हणाल्या, "आलो की रे आपण!"