देवीच्या मुखवट्यातली झुरळं

झुरळाची मला भीती वाटत नाही, राग येतो. उंदीर खातो आणि निघून जातो; झुरळ खातं ते खातंच, वर उरलेल्यावर चालून तेही बाटवतं. खोडाळ्याजवळच्या आमच्या घरात बोटाएवढी, तांबडी, उडणारी झुरळं असत. आय त्यांना हार जाणारी नव्हती. नागलीच्या कणग्यांची तोंडं ती शेणानं लिंपून टाकायची, चुलीमागे निरगुडीच्या पाल्याचा धूर करायची आणि सकाळी दार लावून घरात कोंबड्या सोडायची. कोंबडीच्या चोचीत झुरळाचे पाय हलताना बघून मला बरं वाटायचं, यात लपवायचं काही नाही.

माळ्यावर मात्र कोंबडीला बंदी होती. तिथं देवीचा मुखवटा असे. आमच्या मुलखात उन्हाळ्यात देवीचा बोहाडा भरतो, तेव्हा माणसं देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून नाचत निघतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. देवीचा मान आमच्या घराचा. जमीन जव्हारच्या राजाची, जंगलही राजाचं. आमचं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

मुखवटा होता चिंध्यांचा, कागदाचा आणि चिंचोक्यांच्या खळीचा. माझ्या आजानं केलेला. झुरळांना खळ भारी आवडते. त्यात घरचा नेम असा, की देवीच्या जागी जीव मारायचा नाही, मेलेलं काही तिथं पडू द्यायचं नाही. मग नुसता धूर करायचा. झुरळं पळायची आणि धूर विरला की पाहुण्यांसारखी परत यायची.

एका साली बोहाडा तोंडावर आला तेव्हा बानं मुखवटा खाली काढला, तर देवीचा एक गाल पार पोखरलेला. नाकाची नुसती साल उरली होती. गावचे पंच सोंगं आधी बघून घेत. फाटकी देवी दिसली असती तर मान दुसऱ्या घरी गेला असता.

दुसऱ्या दिवशी बा मला घेऊन कागद आणायला जव्हारला गेला. तिथल्या एका शेटचं दुकान किराण्याचं, पण जुना कागदही तिथंच मिळे. त्याचे वाडवडील राजाच्या आजापासून तिथं व्यापार करणारे, मुसलमान. झुरळं त्याच्याकडेही होती, गुळाच्या ढेपांमागं, गोणपाटांच्या घड्यांत. पण आम्ही गेलो तेव्हा शेट मेलेल्या झुरळांचा ढीग केरसुणीनं पत्र्याच्या डब्यात भरत होता. बा बघतच राहिला.

"कशानं मारली, शेट?"

"सोमल. कणीक आणि गुळात मळून गोळ्या ठेवायच्या. पण भाऊ, जपून हां. जहर आहे ते. हात राखेनं धुवायचे. जिथं खाणं-पिणं असेल तिथं ठेवायचं नाही."

बानं मान हलवली आणि एक पुडी मागितली. कशासाठी, ते सांगितलं नाही. माळ्यावर ठेवलेल्या देवीबद्दल बोहाड्याआधी परक्याशी बोलत नाहीत.

घरी मी चिंचोके भाजून कुटले, बानं खळ शिजवली. ती गार होताना त्यानं पुडीतली पांढरी भुकटी तिच्यात ओतली. मी विचारलं, तर म्हणाला, "औषध हाय. माळ्यावर गोळ्या ठेवल्या तर तिथंच मरून पडतील, नेम मोडंल. खळीतच असलं म्हंजे चाखतील आन् लांब जाऊन मरतील." शेटचं बोलणं त्याच्या ध्यानात होतं. पण मुखवटा काय कुणी खातं, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटला होता. नेम आणि मुखवटा दोन्ही राहणार, म्हणून आम्ही खुशीत होतो. देवीचा गाल असा भरून आला, की पंचांनी बाची पाठ थोपटली.

देवी नाचवायची माझ्या काकानं, बाच्या धाकट्या भावानं. मुखवटा चेहऱ्यावर फडक्यांनी घट्ट आवळतात. वैशाखातला उकाडा, अंगाला घामाच्या धारा. नवी खळ आतून भिजली, ओघळली, काकाच्या ओठांवर आली. तो ती चाटत नाचला असणार, दुसरं काय करणार?

उजाडताना मिरवणूक देवळापाशी आली आणि काका गुडघ्यावर कोसळून ओकायला लागला. लोकांना वाटलं, देवीचं वारं आलं. बायका त्याच्यापुढं नारळ ठेवू लागल्या. माझा काका पोट धरून कळवळत होता आणि गाव त्याच्या पाया पडत होतं. मुखवटा सोडला तेव्हा त्याचे ओठ सुजले होते, गालांची कातडी लाल झाली होती. पाणीही पोटात ठरेना. पुढच्या बाजाराच्या आत तो गेला. त्याच्याइतका हसरा माणूस आमच्या घरात नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर पंच आले. थोरला पंच म्हणाला, "देवीनं तुझा भाऊ जवळ केला. असं भाग्य कुणाला येतं? आता मान कायम तुमच्या घरी. पुढल्या साली तुझा थोरला बांधील." माझा थोरला भाऊ दारात उभा होता. त्याचा चेहरा उजळला.

बा म्हणाला, "देवीनं नाय नेला. मी मारला."

मग त्यानं सोमलाचं सगळं सांगितलं. पंचांना ते पटलं नाही. भावाच्या दुःखानं याचं डोकं फिरलं, असं ते एकमेकांत बोलू लागले. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी पाणी मागवलं. पुढच्या सालाचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

बा उठला, माळ्यावरून मुखवटा घेऊन आला. देवीच्या गालाचा एक पापुद्रा त्यानं फाडला आणि तोंडाकडं नेला. आय इतका वेळ कोपऱ्यात पदर घेऊन बसली होती. ती वाघिणीसारखी उठली आणि पंचांसमोर तिनं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. पापुद्रा जमिनीवर पडला. तिच्याकडं बघून पंचांना विषाचं खरं वाटलं आणि ते मागं सरकले. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

मुखवटा पाण्यापासून लांब, माळावर खोल खड्डा करून पुरला. मान दुसऱ्या पाड्यावरच्या घरी गेला. बाचा मला राग आहे, आजही आहे; काका आठवला की तो उसळतो. पण त्या दिवशी तो गप्प राहिला असता तर काय झालं असतं, हेही मला कळतं.

माझ्या थोरल्या भावाला ते कळलं नाही. हातचा मान बानं घालवला, म्हणून तो कितीतरी वर्षं त्याच्याशी धड बोलला नाही. बानं त्याला कधी समजावलं नाही. पोरगा रुसून का होईना, समोर बसून जेवतोय, एवढं त्याला पुरत होतं.