आधी तुमचा हात

"तू नको रे, भाजेल," सर पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाले. मग शेवटच्या रांगेकडे बघून मला म्हणाले, "ए, तू ये. हात घाल."

हे शब्द मला असेच्या असे पाठ आहेत. पाढे विसरेन एकवेळ, हे नाही विसरणार.

डहाणूची शाळा. सातवीचा वर्ग, विज्ञानाचा तास. गॅदरिंग जवळ आलं म्हणून भिंतींना चुना मारायचा होता. त्यातलेच कळीच्या चुन्याचे खडे सर घमेल्यात टाकून वर्गात घेऊन आले. वरून पाणी ओतलं. खडे तडतडले, फुटले, वाफ निघाली, पांढरं दाट पाणी रटरटायला लागलं. रासायनिक बदल झाला हे ओळखायचं कसं, असा धडा होता. रंग बदलतो, वास येतो, वायू सुटतो, उष्णता निघते. "आता उष्णता निघाली की नाही, हात घालून कोण सांगेल?" सरांनी विचारलं. पहिल्या बाकावरच्या, चिकूच्या वाडीवाल्याच्या मुलाने हात वर केला. त्याला भाजलं असतं. मला बोलावलं.

"तुमची कातडी जाड असते," सर म्हणाले. "चुलीतले निखारे हातानं उचलता ना तुम्ही लोक?"

तुम्ही लोक म्हणजे आम्ही वारली. वर्ग हसला.

आणि मी? मी खूश झाले हो! आशागडकडच्या पाड्यावरून मी चालत यायची, मागे बसायची, हजेरीला 'हजर' म्हणायची, संपलं. टेबलापाशी मला कधी कुणी बोलावलंच नव्हतं. मी चपला बाकाखाली सोडल्या, केस सारखे केले आणि ऐटीत पुढे गेले. उजवा हात मनगटापर्यंत घातला.

किंचाळले. हात बाहेर काढला तरी चुना सुटेना. चिकटून बसला आणि भाजतच राहिला. युनिफॉर्मला पुसला तर कातडीच निघून आली.

सर फळ्याकडे वळले. लिहिलं, 'उष्णता निर्माण होते.' खाली रेघ मारली. "लिहून घ्या," म्हणाले.

एकाने विचारलं, "सर, हिचा हात परत पहिल्यासारखा होईल?"

"नाही. तोच तर रासायनिक बदल."

काय हसले सगळे! सरही हसले. मी पाण्याच्या टाकीपाशी गेले, नळाखाली हात धरून शाळा सुटेपर्यंत बसले. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. कुणी नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आयला बोलावलं. आय सरांच्याच भावाच्या वाडीत चिकू वेचायला जायची. त्या कामावर आमची चूल होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत सर खुर्चीवर, आम्ही मायलेकी उभ्या.

"मस्ती करत होती," सर म्हणाले. "नको नको म्हणताना हात घातला हिनं."

धडधडीत खोटं. पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची.

आणि आय म्हणाली, "होय सायब. पोर वांड आहे माझी."

चुन्यानं भाजलं तेव्हा मी किंचाळले होते. हे त्याहून जास्त भाजलं. आयनं माझं चांगलं मनगट गच्च धरलं होतं. कानाशी पुटपुटली, "माफी माग गो. काम जाईल."

मी माफी मागितली नाही. हाताचं फडकं सोडलं. फोड फुटून पाणी गळत होतं, तसाच हात टेबलाच्या काचेवर ठेवला. "सर त्याला म्हणाले, तू नको रे, भाजेल. मग मला म्हणाले, हात घाल." विचारलं की तेवढंच परत सांगत राहिले.

"काच खराब करू नकोस," मुख्याध्यापक म्हणाले.

त्या मुलाला बोलावलं. तो सरांकडे बघत म्हणाला, "मला आठवत नाही."

आठवडा संपायच्या आत आयचं काम गेलं. माझ्या हातात दाखला ठेवला. आय कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी तलासरीकडच्या आश्रमशाळेत गेले. हाताची कातडी आवळून आली, करंगळी अजून सरळ होत नाही. तिथे खाटेवर पडल्या पडल्या मला एक गोष्ट कळली आणि अंगाची लाही झाली. सरांना माहीत होतं. भाजणार हे पक्कं माहीत होतं. कुणाला भाजू द्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

आज मी तशाच एका आश्रमशाळेत सातवीला विज्ञान शिकवते. तासिकेवर, कायम नाही. धडा तोच आहे. चुना मी चमचाभरच घेते, थर्मामीटर लावते, मुलांना लांब उभं करते. लाल रेघ सरसर वर चढते. झालं की सिद्ध! त्याला कशाला कुणाची कातडी पाहिजे?

यंदा मी पाणी ओतायच्या आधी विचारलं, "गरम होतं हे कसं कळेल?" मागच्या रांगेतली एक मुलगी उठून पुढे आली. चपला काढून आलेली. "बाई, मी घालते हात." चेहरा असा खुललेला, की मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

मी माझा हात त्यांच्यापुढे धरला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग म्हटलं, "कुणीही हात घाल म्हणालं, अगदी मी म्हणाले तरी, विचारायचं, आधी तुम्ही घालता का?" सगळ्यांकडून मोठ्यांदा म्हणवून घेतलं. पत्रे दणाणले.

गेल्या आठवड्यात वसतिगृहाची मोरी तुंबली. अधीक्षकांनी त्याच मुलीला सांगितलं, हात घालून घाण काढ. ती म्हणाली, "आधी तुम्ही घालता का, सर?"

काल तिला आणि मला ऑफिसात बोलावलं. अधीक्षक खुर्चीवर, आम्ही दोघी उभ्या.

"मुलींना उलट बोलायला शिकवता काय बाई?" मुख्याध्यापक म्हणाले. "तिला माफी मागायला सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी तासिका विसरा."

आय आता थकली आहे. घर माझ्यावर चालतं. तिनं तेव्हा माझं मनगट का दाबलं, ते मला तिथे उभी असताना पुरतं कळलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी तिचं मनगट धरलं नाही. उजवा हात टेबलावर ठेवला.

"ती माफी मागणार नाही. मी तिला सांगणारही नाही."

"हात खाली घ्या, बाई," अधीक्षक म्हणाले.

घेतला नाही. आयचं काम गेलं तसं माझंही जाईल. जाऊ दे. पण या पोरीच्या तोंडून माफी मी निघू देणार नाही.