एंटर न चालणारी चौकट

चहा की कॉफी, असं विचारलं की दादांचा चेहरा पडायचा. "ठेव काहीतरी," म्हणायचे आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालायचे. मी ऑफिसात नवीन होते तेव्हा मला तो माज वाटायचा. पुढे कळलं, हा माणूस निवडून निवडून खरंच कंटाळलाय.

आणि त्यांचं काम काय, तर इतरांनी काय निवडायचं ते ठरवणं! साकीनाक्याला एका गाळ्याच्या माळ्यावर आमची कंपनी. खाली पॉलिशची मशीनं घरघरतात, वर आम्ही कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, असलं सगळं. त्यातला प्रिंट डायलॉग दादांचा. प्रिंट म्हटल्यावर समोर येते ना, ती चौकट: प्रिंटर कोणता, कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत, प्रती किती, कागदाच्या एका बाजूला की दोन्ही. यातलं काय दाखवायचं, काय झाकायचं आणि आधीपासून कशावर खूण ठेवायची, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. बाकीचे हे काम उरकून टाकतात. दादा एकेका खुणेवर आठवडा घालवत. त्यांच्या माघारी सगळे त्यांना प्रिंटदादाच म्हणत.

"दमलेल्या माणसाक प्रश्न विचारू नको गो बाय," असं ते मला नेहमी सांगत. एरवी साधं मुंबईचं बोलत, पण तळमळून काही सांगायचं झालं की त्यांची मालवणी बाहेर यायची. मी हौसेने चौकटीत एखादी नवी सोय घातली की विचारत, "ही कोणासाठी? त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?" मग मी ती काढून टाकायचे.

एकदा दिंडोशीच्या कोर्टासमोर बसणाऱ्या एका टायपिस्ट बाईंचा रडवेला फोन आला. करारनाम्याचं पहिलं पान स्टॅम्प पेपरवर आणि पुढची पानं हिरव्या कागदावर, अशी तिथली रीत. आधीच्या गिऱ्हाइकाचं नुसतं दुसरं पान त्यांनी पुन्हा काढलं होतं. आमच्या चौकटीने 'फक्त पान दोन' हे इमानदारीत लक्षात ठेवलं, बाईंनी एंटर मारला आणि पुढच्या माणसाच्या स्टॅम्प पेपरवर भलतंच पान छापून आलं. वाट लागली! तो बिचारा रजा टाकून आला होता. आमचे साहेब म्हणाले, बाईंनी वाचायला नको? दादा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले ते थेट संध्याकाळपर्यंत.

परत आल्यावर मला म्हणाले, "चारनंतर ती वाचणाच नाय. कोणच वाचूचो नाय. एंटर म्हणजे होय न्हय, बाय. एंटर म्हणजे, सोडा माका."

मग त्यांनी चौकटीची ती आठवण पुसून टाकली. स्टॅम्प पेपर असेल तेव्हा एंटर चालेनासाच केला. माउस हातात घेऊन 'स्टॅम्प पेपरवर छापा' या बटणावर मुद्दाम जावं लागे. शेजारी तेवढंच मोठं 'रद्द करा'. साहेब वैतागले, "यार दादा, डेमोत किती भंगार दिसतं हे!"

"दिसू दे," दादा म्हणाले. "छापलेलं मागे घेता येत नाही ना."

दादा निवृत्त झाले आणि लगेचच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मी दिंडोशीला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला होता. मुलगा वाईट नव्हता. सुट्टी मिळेल तेव्हा धावत यायचा, तोही पार थकला होता. आईवडिलांना पुण्याला न्यायचं आणि ही खोली विकून टाकायची, असं त्याच्या मनात होतं. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणत होत्या, "मी काय सांगू? ते म्हणतील तसं."

मुलगा दादांवर वाकला. "बाबा, पाणी देऊ?" मान हलली. "पंखा बारीक करू?" मान हलली. "पुण्याला जायचं ना? खोली देऊन टाकू ना?" त्याच लयीत मान हलली.

"बघा, ते स्वतःच हो म्हणाले," तो सुटल्यासारखा मला म्हणाला. "संध्याकाळी एजंट येतोय, त्याला शब्द देऊन टाकतो."

"थांब रे," मी म्हणाले. "हा 'हो' नाहीये. दमलेत ते. दमलेला माणूस सगळ्यालाच मान हलवतो."

पाणी पाजलं, पंखा बारीक केला. बराच वेळ त्यांना कोणी काही विचारलं नाही. मग मी त्यांचा डावा हात हातात घेतला. "दादा, एकच विचारते. इथेच राहायचं असेल तर माझा हात दाबा. पुण्याला जायचं असेल तर काहीच करू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात दाबला. बांगडी मनगटात रुतली तरी सोडेनात. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मुलगा बाहेर गॅलरीत गेला आणि त्याने एजंटला नाही म्हणून फोन केला.

दादा त्या खोलीतच गेले, पावसाळा संपता संपता. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती बहुतेक संध्याकाळी येते.

आता ती चौकट माझ्याकडे आहे. नवीन व्हर्जनच्या वेळी साहेब दरवेळी म्हणतात, तिथे एंटर चालू कर ना. हल्ली चारनंतर मीही सगळ्याला हो म्हणते. एवढं एक सोडून.