मेळाव्याचा वृत्तांत, काटछाट न करता

"आपली बेदाणा आलीय का?"

सरांनी माईकवरून विचारलं. सांगलीतला हॉल. आमच्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. पहिल्या रांगेत दोन न्यायाधीश, मागं सगळे वकील. मी दाराशी टेबल टाकून नावनोंदणी घेत होते. शंभर माना माझ्याकडं वळल्या.

"ये, वर ये. तुझं ते मूट कोर्टातलं म्हणून दाखव. साहेबांनाही ऐकू दे!"

बेदाणा म्हणजे मी. माझी आई तासगावला शेडवर बेदाणा निवडायला जायची. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा व्यवसाय लिहायचा होता, मी खरा लिहिला. सरांनी तो फॉर्म भर वर्गात मोठ्यानं वाचला. त्या दिवशी जे नाव पडलं, ते पाच वर्षं चिकटलं.

मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांचं सरावाचं कोर्ट. न्यायाधीशाच्या खुर्चीत सर. मी अशिलाची बाजू मांडायला उभी राहिले, घाबरले आणि तोंडातून घरचं आलं. "त्यो तितं नव्हताच मिलॉर्ड. न्हाई म्हंजे न्हाई." सर एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग वर्ग हसला. मग मीही हसले. कबूल करते. आपल्यात घेतील, म्हणून हसले. त्यानंतर खोलीवर आरशासमोर उभी राहून रोज घोकायचे. आहे. नाही. पाणी. लोणी. स्वतःच्या आईचं बोलणं जिभेवरून खरवडून काढलं.

माजी विद्यार्थी मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, "तुझं टायपिंग चांगलंय, वार्तापत्र तू बघ." अध्यक्ष सांगलीतले मोठे वकील. त्यांचे वडील वकील, आजोबा वकील. मला वाटलं, घेतलं आपल्यात. दोन वर्षं मी तासगावच्या कोर्टातून सुटले की फोन करत बसायचे. कोण न्यायाधीश झालं, कुणाची मुलगी परदेशी गेली, कोण वारलं. बातम्या माझ्या, मजकूर माझा. अंकावर संपादक म्हणून नाव अध्यक्षांचं. एकदाच मी माझी बातमी घातली. पाण्याला हात लावला म्हणून एका बाईला मारलं होतं, ती केस मी जिंकले. अध्यक्षांनी तेवढी काढली. "हे आपलं कौटुंबिक वार्तापत्र आहे. असल्या केसेस नकोत." त्याच अंकात त्यांच्या नव्या गाडीचा फोटो होता.

तेही गिळलं.

आणि आता हा माईक.

मी वर गेले. लोक आधीच हसायच्या बेतात होते.

"सर, मला नावानं बोलवा. मग म्हणते."

"अगं, गंमत गं. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"नाव घ्या, सर."

सर हसले. मग थांबले. मग त्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी खिसा चाचपला, मोबाइल काढला. त्यांच्या मोबाइलात माझा नंबर 'वार्तापत्र' नावानं आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मीच सांगितलं. माझं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. ऐकल्याबरोबर समोरच्याला जात कळते म्हणून पाच वर्षं पुटपुटत घेतलेलं आडनाव. माईकवरून हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

"आणि आमी असंच बोलतो, सर. माझी अशिलं ह्याच बोलीत रडत्यात. हसण्यासारखं त्यात काय बी न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. एक न्यायाधीश मोबाइल बघत राहिले. सूत्रसंचालकानं जेवण तयार असल्याचं सांगितलं. सगळे सुटल्यासारखे उठले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "वृत्तांत पाठव. तो प्रकार तेवढा गाळ. सरांचं वय बघ."

"मला ते नाव ठेवलं तवा सर माझ्या आत्ताच्या वयाचे होते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

वृत्तांत लिहिला. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार आणि तो प्रकार. शब्द न शब्द. खाली माझं पूर्ण नाव. मंडळाच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवला. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. एका बॅचमेटनं लिहिलं, फीमाफीत शिकलीस आणि आता शेफारलीस.

संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. कुंडलची बाई. आमच्या मागची बॅच. कुणीतरी तिला वृत्तांत पुढं पाठवला होता.

"ताई, मला सर 'सवलत' म्हणायचे. सवलत, उभी रहा. सवलत, उत्तर दे." मग म्हणाली, "पास झाले मी. पण वकिलीची सनद काढलीच न्हाई. कोर्टात परत तसंच हसतील म्हणून. ब्लाउज शिवते आता."

फोन ठेवल्यावर मी यादी उघडली. तिचं नाव होतं. पुढं मीच टाइप केलं होतं, 'संपर्क नाही'. तसली किती नावं होती. आमच्याच वस्त्यांमधली नावं. न्यायाधीशांचे नंबर मिळवायला मी दहा-दहा फोन केले होते. ह्यांच्यासाठी एकही नाही. सर हसले, अध्यक्षांनी खोडलं आणि ह्यांना दोन शब्दांत मी वाटेला लावलं. त्या रात्री मला सरांपेक्षा माझाच जास्त राग आला.

काल मंडळाचं पत्र आलंय. यादी परत करा, लेखी माफी द्या.

आमच्या वस्त्यांमधली नावं वहीत उतरवून घेतली आणि यादी दिली. ठेवा तुमचे न्यायाधीश. माफी देणार नाही. कुंडलला रविवारी जाणार आहे, सनदेचा अर्ज घेऊन. ती नको म्हणाली तर परत जाईन. मग पुढचं नाव. 'संपर्क नाही' असं लिहिलेल्या एकेकाच्या दारात जाईन, कॉलेजात त्यांना काय म्हणायचे, कोण म्हणायचं ते विचारीन आणि छापीन. म्हणणाऱ्याच्या नावासकट. संपादक म्हणून माझं नाव असेल. अब्रूनुकसानीचा दावा लावायचा असेल त्यांनी खुशाल लावावा. मी वकील हाय. माझी बाजू मीच मांडीन.