नणंदेच्या फटी

माझ्या नणंदेचं काम रुसव्यांचं आहे. कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात जे मोठाले चुंबक लावतात, त्यांची वेटोळी ती आखते. हे चुंबक द्रव हेलियमच्या भयंकर थंडीतच चालतात. धावणाऱ्या कणांतले काही चुकार येऊन आदळले आणि तार जराशी तापली, की सगळा चुंबक बसतो, चालेनासाच होतो.

"एवढ्याशा उबेने रुसतो?" सासूबाई म्हणाल्या. "मग तो आपल्याच घरातला."

नणंदेने उपाय काढला होता. शॉर्ट होऊ नये म्हणून तारेवर गुंडाळतात त्या पट्टीच्या वेढ्यांत बारीक फटी ठेवायच्या, म्हणजे हेलियम आत शिरून ऊब काढून नेईल. पण चाचणीत कणांऐवजी हीटर लावला आणि तो जेमतेम वाढवताच पहिलं वेटोळं बसलं. साहेब म्हणाले, "आणखी एक संधी. नाहीतर जुनीच रचना."

तिने बसलेलं वेटोळं उघडून पाहिलं, तर फटी गायब! पट्टी गुंडाळणाऱ्या काकांचा जन्म तारा झाकण्यात गेलेला.

"काका, माझ्या फटी कुठे गेल्या?"

"बुजवल्या ना! कुणाला बोललो नाही हो. तुमची चूक परस्पर झाकली."

"चूक कसली? नकाशात होत्या त्या!"

"मला वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातला." काकांनी पट्टीचं रीळ खाली ठेवलं. "बाई, असलं फाटकं काम माझ्या हातून व्हायचं नाही. आणि शॉर्ट झालं म्हणजे?"

"दोन थर आहेत. खालच्या फटीवर वरची पट्टी येते."

"म्हणजे अंगभर कपडे, पण हवेशीर," काका पुटपुटले आणि तयार झाले. तरी नणंद मशीनपाशी स्टूल टाकून बसलीच. वेढा घट्ट व्हायला लागला, की ती ओरडायची, "काका!"

चाचणीच्या दिवशी हीटर वाढवत नेला. मागच्या वेळी ज्या खुणेवर चुंबक बसला होता, ती ओलांडली. साहेबांनी मागितलेली खूणही मागे पडली. त्यानंतर कुठे चुंबक बसला आणि हेलियम शिट्टी मारत बाहेर पडला. नणंदेने काकांना मिठीच मारली.

रचना मंजूर झाली. वेटोळं बाहेर काढून फोटोसाठी टेबलावर ठेवलं.

"काका, या," साहेब म्हणाले. "तुमच्या हातचं काम आहे."

काका आले. वेटोळ्याच्या बरोब्बर पुढ्यात, दोन्ही हात कमरेवर ठेवून, होता होईल तेवढे रुंद होऊन उभे राहिले.

"हां," ते म्हणाले, "आता काढा."