गुणवंता मिस्त्रीचा गिलास

गुणवंता मिस्त्री पहिल्यांदा आमच्या माडीवर आला तेव्हा त्याने काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास मागितला. बिचारा उन्हातून आला असेल म्हणून आईने माठातले पाणी दिले. त्याने तो गिलास जपून खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवला, स्वतः शेजारी पालथा पडला आणि पाण्याला डोळा लावून बाबांना म्हणाला, "उडा."

आमचे बाबा गावचे माजी उपसरपंच. हसतानाही ते हात राखून हसत. कायले उडू, असे त्यांनी विचारून पाहिले, पण मिस्त्रीने पाण्यावरची नजर काढली नाही. शेवटी बाबा उडाले. कपाटातल्या कपबशा वाजल्या, पाणी सांडले. मिस्त्री उठला, सदरा झटकला, "इथं फरशी बसत नाई," म्हणाला आणि एसटी पकडायला निघून गेला.

त्या माडीवर कोटा फरशी बसवणे ही आमची नुसती हौस नव्हती. आमचा भाजीपाल्याचा मळा मंगरूळपीरला लागून. खालच्या खोल्यांत बारा महिने वांग्यांचे कॅरेट आणि मेथीच्या जुड्या, म्हणजे पाहुणे बसवायचे तर वरच. आणि वरची जमीन सागवानी फळ्यांची, कुणी चालले की सगळी खोली डुलायची. ताईला पाहायला आलेली मागची मंडळी धोतरावर चहा सांडून घेऊन परत गेली होती, आणि ‘घर हालते तुमचं’ असा निरोप मध्यस्थाकडून आला होता. ताईने ते फार मनाला लावून घेतले. आता वाशीमचे एक स्थळ आले होते. तो मुलगा तिला आवडला होता, हे तिने फक्त आईला सांगितले होते. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पाहुणे येत्या रविवारनंतरच्या रविवारी येणार होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री परत आला तो गाडीभर लाकूड घेऊनच.

"दगड वाकत नाई, तो फुटते," तो म्हणायचा. "लाकूड फुटत नाई, ते वाकते. दोघं एका घरात नांदवाचे असन तं आंधी लाकडाले समजवा लागते. दगडाले कोन समजवन?"

ही समजूत बरेच दिवस चालली. तो अनवाणी एकेक फळीवर चालायचा, कुरकुरणाऱ्या फळीवर खडूने फुली मारायचा, जुने खिळे उपटून स्क्रू आवळायचा. जुन्या तुळयांच्या मधोमध त्याने नव्या तुळया घातल्या. वर जाड प्लायवूड अंथरले, तेही दोन तक्त्यांमध्ये एक नाणे उभे मावेल एवढी फट ठेवून. फट कशाला, म्हटले तर लाकडालाही माणसासारखी फुगायला जागा लागते, असे उत्तर मिळाले. मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. झालो होतो. तुळई किती वाकेल याचा हिशेब कागदावर मांडता येतो, असे मी त्याला सुनावले. त्याने आदराने ऐकून घेतले आणि विचारले, "त्या हिशेबात तुमच्या मामी हायेत का?" मामी त्याच वेळी जिना चढून वर येत होत्या. हिशेब मी तिथेच सोडला.

रोज संध्याकाळी गिलास आणि उड्या. बाबा, काका, मामी, मग शेजारीपाजारी. हायस्कूलचे ड्रिलचे सर तर बोलावणे नसताना बूट घालून येऊ लागले. "आज सा मानसायची झाली," असे मिस्त्री जाहीर करायचा, आणि सहा माणसांच्या पलीकडे माडी काही जाईना. शनिवारीसुद्धा सातव्या माणसाला पाणी थरथरले. बाबा काकुळतीला आले. उद्यापुरती बसव, मग फुटली तरी चालेल, असे ते म्हणाले. मिस्त्रीने चक्क नकार दिला. फुटलेल्या फरशीकडे पाहून लोक कोण उडाले ते विचारत नाहीत, कोणी बसवली ते विचारतात, असे त्याचे म्हणणे.

ताई स्वयंपाकघरात रडायला लागली. मिस्त्री उंबऱ्याशी आला आणि खाली पाहत म्हणाला, "बाई, फरशी नसन उद्या. पन हालनार नाई, हे माह्याकडं लागलं."

रविवारी पहाटेच्या गाडीने येऊन त्याने आणखी दोन तुळया चढवल्या. मग बाबांनी त्याला खाली वांग्यांजवळ बसवून ठेवले. सात पाहुणे वर गेले, आणि सात नवी माणसे एकदम वर गेलेली मिस्त्रीला सोसवेना. मुलाच्या नोकरीचे बोलणे चालू असताना तो गिलास घेऊन वर आला, मधोमध पालथा पडला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाला, "पावने, एकदा उडता का?"

बाबांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

व्याह्यांनी कारण विचारले. मिस्त्रीने पडल्या पडल्या सांगितले. ते ऐकून व्याही एकदम उठून उभे राहिले. त्यांनीही लाकडी माडीवर संगमरवर बसवला होता आणि वर्षाच्या आत त्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या. "मले हे कोनी सांगतलंच नाई," ते म्हणाले, आणि धोतर खोचून उडाले. मग त्यांचे सातही, आमचे सगळे, मामीसुद्धा. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात आली तर स्थळ हवेत. मुलाने तिच्या हातातला ट्रे घेऊन जमिनीवर ठेवला आणि तीही उडाली. ना ट्रेमधला चहा हिंदकळला, ना गिलासातले पाणी.

"बसते," मिस्त्री म्हणाला. फरशी सोमवारी लागली. लग्न उन्हाळ्यात झाले. मुलीला काय काय येते, हे विचारायचे पाहुणे विसरूनच गेले होते.

यंदा मिस्त्री चार दिवसांच्या तापाने गेला. मानोऱ्याकडच्या त्याच्या गावाहून माती देऊन आम्ही परत आलो, ताई आणि जावईही सोबत होते. बाबा थेट माडीवर गेले, त्यांनी स्वतः काठोकाठ गिलास भरून मागितला आणि मधोमध जमिनीवर ठेवला. त्यांचे गुडघे आता कामातून गेले आहेत, तरी ते उडाले. मग आम्ही सगळे उडालो.

बाबांनी वाकून पाण्याला डोळा लावला.

"गुणवंता गेला," ते म्हणाले, "अन हे हालत बी नाई."